सहा धाटं आणि आमची आंघोळ

माझा नातू बियाण्याच्या कंपनीत नोकरीला आहे. जालन्याच्या एमआयडीसीत त्याची प्रयोगशाळा. एकदा मोठ्या हौसेनं मला दाखवायला घेऊन गेल्ता. दाराशी चपला काढायच्या, अंगात पांढरा डगला घालायचा, आत सगळं थंडगार, काचेच्या बरण्यांत बी आणि बरणीबरणीला नंबर. फिरून झाल्यावर तो म्हणला, "आजोबा, काही विचारायचं का?" मी विचारलं, "पाणी कुठून आणता?" तो म्हणला, "नळाला येतं की." मंग मी पुढं काहीच विचारलं न्हाई. ज्या ठिकाणी पाणी नळाला येतं, तिथल्या शास्त्रातलं मला काय कळणार?

निजामाच्या राज्यात मी शेतकी खात्यात कामदार होतो. कामदार म्हणजे साहेबाच्या खाली आणि गड्याच्या वर लटकलेला माणूस. साहेब सांगणार, गडी करणार, आणि काही चुकलं की दोघं मिळून कामदाराकडं बघणार. मी उर्दू मिडल पास झालेलो, आणि दफ्तर सगळं उर्दूत, त्यामुळं ही नोकरी लागली. आईनं गावभर गूळ वाटला, पोरगा सरकारात गेला म्हणून. सरकार किती लांब असतं ते मला तिथं पोचल्यावर कळलं.

अंबड तालुक्यात, जांबेच्या वाटेला, एका उजाड माळावर सरकारनं कोरडवाहू पिकांचा फारम काढला होता. जालन्याच्या टेसनावर उतरलं की बैलगाडीनं पुरा एक दिवस, आणि गाडीवान बोलका निघाला तर दीड. फारमवर पत्र्याच्या चार खोल्या, एक गोदाम, एक गोठा आणि एक लिंबाचं झाड. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की आम्ही दफ्तर उचलून लिंबाखाली नेत होतो. साहेब खाटेवर बसून सह्या करायचे आणि वरून लिंबोळ्या पडायच्या. पावसाळ्यात तोच पत्रा इतका वाजायचा की समोरचा काय बोलून राह्यला ते ऐकू येत नव्हतं. टपाल आठवड्यातून एकदा, भाजीपाला आठवड्यातून एकदा, दोन्ही अंबडच्या बाजाराबरोबर यायचं. बाजारानंतर दोन दिवस वांगी, मंग पुढचे पाच दिवस बेसन. बेसनाचे इतके प्रकार मी तिथं खाल्ले की लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा काय सांगितलं असेल, तर घरात पिठलं करू नको.

विंचवांची तर तिथं वस्तीच होती, आम्ही मधे येऊन राह्यलेलो. चप्पल झटकल्याबिगर पाय घालायचा न्हाई हा फारमचा पहिला कायदा. मला तीनदा चावला, पेशकारांना एकदा, साहेबांना कधीच न्हाई. आमचा राखणदार सटवाजी म्हणायचा, इंचवालाबी हुद्दा कळतो.

पण खरी अडचण होती पाण्याची. फारमची विहीर खारी. जनावरंसुद्धा तोंड वाकडं करून प्यायची. गोडं पाणी दीड कोसावरच्या नदीत, आणि नदी म्हणजे नुसती वाळू. वाळूत झिरा उकरायचा, पाणी पाझरेपर्यंत बसून राहायचं, वाटीवाटीनं कातड्याची पखाल भरायची आणि रेड्याच्या पाठीवर घालून आणायची. हे काम सटवाजीची बायको गिरजाबाई करायची. दिवसाला एकच खेप, कारण झिरा दिवसातून एकदाच भरत होता. माणशी तीन घागरी: एक प्यायची, एक स्वैपाक-भांड्यांची, एक आंघोळीची. कुणाच्या घागरीतला तांब्या कुणी उचलला तर दिवसभर अबोला.

फारमवर कायमची वस्ती पाच जणांची. सटवाजी, गिरजाबाई आणि मी सांगितले. चौथे गोपाळराव पेशकार, म्हणजे दफ्तराचे कारकून. घनसावंगीकडचे, कडक सोवळ्याचे, आंघोळ झाल्याबिगर पाण्याचा घोट न घेणारे. आणि पाचवे आमचे साहेब, जाफरसाहेब. हैदराबादचे, चाळिशीचे, अंगानं काटकुळे. बायकापोरं हैदराबादेत, हे माळावर. मराठी ते सटवाजीकडून शिकले, त्यामुळं अंबड तालुक्यातला गडी बोलावा तसे बोलायचे आणि पेशकारांच्या अंगावर काटा यायचा. रागावले की मात्र दख्खनी उर्दूत जायचे. गडी मंडळी भाषेवरूनच ओळखायची, आज जवळ जायचं का लांबून सलाम करायचा ते.

बाहेरच्या लोकांना एकच कोडं होतं, हे लोक तिथं करतेत काय? एक म्हातारा तर आजारी म्हैस घेऊन आल्ता. सरकारी जागा हाये, काहीतरी औषध असंलच, असं त्याचं म्हणणं. पेशकारांनी त्याला अर्जाचा नमुना सांगितला आणि सटवाजीनं म्हशीला ओवा चारला. म्हैस बरी झाली. मंग महिनाभर लोक जनावरं घेऊन येत होते.

खरं काम असं होतं. दुष्काळात तग धरील अशी ज्वारी निवडून काढायची. शेतात हजार धाटं असली तर त्यातलं एखादंच खरं चिवट असतं. ते हेरायचं, त्याचं बी वेगळं ठेवायचं, पुढच्या साली तेवढंच पेरायचं, त्यातून परत निवडायचं. फुलोऱ्यात शेजारच्या धाटाचा पराग त्याच्यावर पडला तर सगळी निवड पाण्यात. म्हणून फुलोऱ्याच्या आधी त्या कणसावर कागदी पिशवी बांधायची. दाणा धरला की पिशवी काढायची आणि धाटाला लाल धागा बांधायचा, म्हणजे कापणीला चूक व्हायची न्हाई. गावातल्या बायका जाता-येता हसायच्या, जाफरसाहेबांनी ज्वारीला बुरखा घातला म्हणायच्या. साहेबांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते म्हणले, "बराबर बोलल्या. शेजाऱ्याची नजर लागू नये म्हणूनच घातला."

या सगळ्या निवडीत साहेबांचा जीव अडकला होता तो एका वाणात. एका दुष्काळी साली ते दौऱ्यावरून घोड्यानं येत होते. वाटेत एका कुणब्याचं सगळं शेत करपून गेलेलं आणि मधोमध एकच धाट हिरवं, कणसासकट उभं. साहेबांनी घोडा थांबवला, मालकाला शोधून काढलं, हात जोडून ते कणीस मागितलं. मालकाला वाटलं, उन्हानं साहेबाचं डोकं फिरलं. त्या एका कणसापासून सहा वर्षं हे चालू होतं. दर साली मूठभर बी, दर साली नवी निवड.

मी सांगतोय ते साल दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळातलं. त्या साली हस्ताचा पाऊस गेला तो गेलाच. पहिली पेरणी उगवून वाळून गेली. साहेबांनी डब्यात राखून ठेवलेलं होतं नव्हतं ते बी दुसऱ्यांदा पेरलं. मला त्यांनी सांगितलं होतं, "अंबादास, आता डबा खाली झाला. जे हाये ते जमिनीत हाये." त्या पेरणीतून निवडीला उतरली ती सहा धाटं. बाकी सगळी आली तशी गेली. म्हणजे ही सहा धाटं राह्यली तर वाण राह्यला, न्हाई तर सहा वर्षं फुकट. हे साहेबांना माहीत होतं, मला माहीत होतं, पेशकारांच्या रजिस्टरात लिहिलेलं होतं.

सटवाजीला कुणी सांगितलं न्हाई. ते सांगायचं काम कामदाराचं, म्हणजे माझं. मी त्याला नुसतं एवढंच बजावलं होतं, या सहा धाटांवर चिमणी बसली तर बघ. आणि त्या माणसानं राखण अशी केली की काय सांगू. पहाट फुटायच्या आत मचाणावर, हातात गोफण, दुपारची भाकरी तिथंच. उरलेल्या सगळ्या फारमवर पाखरं खुशाल चरायची आणि या सहा धाटांच्या आसपास पंख हलत नव्हता.

पौषात टपाल आलं की हैदराबादचे नाझिमसाहेब, म्हणजे आमच्या साहेबांच्या साहेबांचे साहेब, दौऱ्यावर येऊन राह्यले. लढाईपायी खर्च कमी करायचा हुकूम होता, आणि आमचा फारम बंद करावा का ठेवावा हे ते बघणार होते. हे गृहस्थ दुसऱ्या एका गोष्टीसाठी पण मशहूर होते. दौऱ्यात कुणाची चूक दिसली की जागच्या जागी बरतर्फ, म्हणजे नोकरीवरून कमी. मागच्या दौऱ्यात एका चपराशाला त्यांनी पाणी आणताना सांडलं म्हणून घरी धाडलं होतं, असं ऐकून होतो.

जाफरसाहेबांनी बेत केला हुरड्याचा. ठाऊक नसेल तर समजून घ्या, ज्वारीचं कणीस कोवळं, दाण्यात दूध घट्ट व्हायला लागलेलं असतं तेव्हा ते शेतातच गोवऱ्यांच्या आरावर भाजायचं, गरम असतानाच तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि तीळ-शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर खायचं. ज्या खड्ड्यात आर करतात ती आगटी. आमच्याकडं पौषात पाहुण्याला हुरडा न घालता पाठवणं म्हणजे अपमान. साहेबांनी मला हुकूम दिला, मी सटवाजीला सांगितलं, पाहुण्यासाठी हुरड्याची कणसं आण. कुठून आण ते सांगितलं न्हाई. सगळ्या माळावर ज्वारी उभी असताना ते काय सांगायचं?

नाझिमसाहेब आले. जाडजूड, शेरवानीत, सोबत दोन चपराशी. त्यांनी खोल्या बघितल्या, विहिरीचं पाणी चाखून थुंकलं आणि रजिस्टरं चाळली. गोपाळराव पुढची पुढची रजिस्टरं काढून देत होते. मंग सगळे शेतात आगटीपाशी येऊन बसले. सटवाजीनं टोपल्यातून कणसं आणून ठेवली. काय कणसं होती! मोठी, गच्च भरलेली, मोत्यासारखा दाणा. मी भाजत होतो, गिरजाबाई चोळत होती, आणि नाझिमसाहेबांच्या तोंडावर पहिल्यांदा माणूस दिसायला लागला. दोन घास झाल्यावर त्यांनी शेरवानीचं वरचं बटण सोडलं. सुभानल्ला, म्हणले, सगळ्या रियासतीत फिरलो, असा हुरडा कुठं खाल्ला न्हाई.

चौथं कणीस मी आरावर ठेवत होतो, तेव्हा मला दिसलं. देठापाशी लाल धागा.

माझ्या हातातलं कणीस तसंच राह्यलं. टोपल्यात बघितलं. दोनच शिल्लक. सटवाजीनं बाकीचे धागे सोडून टाकले होते, हा एक राहून गेला असावा. मला त्या वेळी तोंड उघडता आलं असतं. हातातलं आणि ती दोन अशी तीन कणसं बाजूला काढता आली असती, दुधाळ दाणा का होईना, चार दाणे उगवले असते. पण समोर नाझिमसाहेब हसून राह्यले होते, आणि आता बोललो तर पहिलं मरण सटवाजीचं आणि दुसरं माझं. मी अंगठ्यानं तो धागा ओढला आणि आरात टाकला. भर्रकन जळाला. कणीस भाजलं, गिरजाबाईच्या हातात दिलं. मंग उरलेली दोन पण भाजली. जाफरसाहेब शेजारीच बसलेले, एक एक दाणा तोंडात टाकून हळूहळू चावत होते. मला वाटलं, वरच्या साहेबासमोर लाजून राह्यले असतील. मला पण दोन मुठी खाव्या लागल्या.

नाझिमसाहेब संध्याकाळच्या आत गाडीत बसून गेले. जाताना जाफरसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणले, की असा हुरडा पिकवणारा फारम कोण बंद करील? गोपाळरावांनी तिथल्या तिथं समर्थांना नमस्कार केला. मला हसावं का रडावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब वहीपेन्सिल घेऊन निघाले, रोजच्यासारखे. मी मागं मागं. त्या जागी सहा धाटं उभी होती, मुंडकी नसलेली. साहेब उभेच राह्यले. मचाणावरून सटवाजी उतरून आला, तोंडभर हसत. त्याला वाटलं, साहेब शाबासकी द्यायला आले.

मंग मी त्याला सांगितलं. तेव्हा सांगितलं, जे राखणीला बसवतानाच सांगायचं होतं.

आमच्या भागात कुणबी ज्वारीच्या रानात चार ओळी खास हुरड्यासाठी पेरतो, गोड दाण्याच्या, आणि त्या पाहुण्यासाठी राखतो. घरची लेकरं मागून मागून दमली तरी देत न्हाई. सटवाजीनं जन्मभर तेच बघितलेलं. त्याच्या हिशोबानं, साहेब ज्या सहा धाटांना कागदाच्या टोप्या घालतेत, धागे बांधतेत, एवढा माणूस राखणीला बसवतेत, ती पाव्हण्याचीच असणार. दुसरं कशासाठी कुणी ज्वारी एवढी राखंल?

"सरकार," तो साहेबांना म्हणला, "म्या माझ्या पोटच्या लेकराला एक दाना दिला न्हाई यातला. आठ दिसांमागं लेक आल्ती, तिला म्हनलं, ही साबाच्या पाव्हन्याची हायेत. मला काय ठावं..." आणि तो एवढा बाप्या माणूस ढसाढसा रडायला लागला.

साहेबांनी विचारलं, "तुला कुनी सांगितलं न्हाई?" सटवाजीनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. म्हणला, सांगितलं असंल, माझ्याच ध्यानात राह्यलं न्हाई. त्या क्षणी मला जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं. मी तेव्हाही बोललो न्हाई.

साहेब गुडघ्यावर बसले, धाटाच्या बुडाशी बोटानं माती उकरली. म्हणले, "मुळं जित्ती हायेत. मंग रडता काय? खोडवा घेऊ."

खोडवा म्हणजे कापलेल्या धाटाच्या बुडख्यातून जे नवे फुटवे येतात ते वाढवून दुसरं पीक घ्यायचं. ज्वारीला फुटवे येतात, कणसं पण धरतात, बारकी का होईना. पण त्याला ओल पायजे, आणि रानात तर भेगा पडलेल्या. विहिरीचं खारं पाणी दिलं तर फुटवा मरणार. गोडं पाणी पायजे, धाटामागं रोज एक घागर, दीड-दोन महिने. मी म्हणलो, "साहेब, हा कोरडवाहू वाण, याला पाणी पाजायचं म्हणजे परीक्षेत कॉपी झाली की." साहेब म्हणले, परीक्षा त्यानं सहा साल दिली, आता तो बीमार हाये, बीमाराला पाणी पाजतेत.

पण सहा घागरी आणायच्या कुठून? गिरजाबाईनं सगळ्यांच्या आधी सांगून टाकलं, माझी आंघोळीची घागर घ्या. सटवाजीची तर बिनविचारता गेली. माझी गेली, साहेबांची गेली. सहावी घागर भांड्यांच्या पाण्यातून वाचवायची ठरली, भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. राह्यली पाचवी. सगळे गोपाळरावांकडं बघायला लागले.

गोपाळराव उठून आपल्या खोलीत गेले आणि दार लावलं. आम्ही म्हणलो, झालं, ही घागर काही सुटत न्हाई. अर्ध्या तासानं बाहेर आले ते हातात पोथी घेऊन. म्हणले, शास्त्रात स्नानाचे प्रकार अनेक आहेत. त्यात एक वायव्य स्नान आहे. गाई चरून येताना त्यांच्या खुरांची धूळ उडते, त्या धुळीत उभं राह्यलं की आंघोळीचं पुण्य. आणि आपल्या हातानं घागर उचलून त्यांनी गिरजाबाईपुढं ठेवली. जाफरसाहेब खूश. म्हणले, "आमच्यातबी हाये, पेशकार. पानी न्हाई मिळालं तर नमाजाआधीचा वजू साफ मातीवर हात मारून करायचा."

तेव्हापासून फारमवर जे चित्र दिसायचं ते कुणी फोटो काढून ठेवायला पायजे होतं. दिवस कलताना आमची सात जनावरं परत यायची, आणि गोठ्याच्या तोंडाशी गोपाळराव उघड्या अंगानं, डोळे मिटून, मंत्र म्हणत धुळीत उभे. एकदा आमच्या खोंडानं त्यांचा पंचा चावून ओढला तरी मंत्र पुरा केल्याबिगर हलले न्हाईत. पलीकडं साहेब स्वच्छ ढेकळावर तळहात टेकवून तोंडावरून फिरवून राह्यले. आणि मी, मला दोन्ही शास्त्रं येत न्हाईत, नुसताच खाजवत उभा. बाजाराच्या दिवशी नदीवर धुणं घेऊन गेलं की झिऱ्याच्या चार तांब्यांत आठवड्याची आंघोळ. अंबडच्या बाजारात लोक आमच्यापासून जरा अंतर ठेवून चालायचे. टपालवाला टपाल लांबून फेकायला लागला.

धाटं वीतभर ठेवून कापली. पाणी रोज बुडाशी, हातानं, गिरजाबाई ओतायची, आणि मुळावर पालापाचोळा टाकून ठेवायची. बारा-तेरा दिवसांनी पहिला फुटवा आला. सटवाजी धावत सांगायला आला तो चप्पल न घालता, विंचवांच्या राज्यातून. एका धाटाला काही केल्या फूट आली न्हाई, एक येऊन वाळलं. चार राह्यली. त्यांना परत टोप्या घातल्या, आता सटवाजीनं स्वतः घातल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायला लागला, हे खायचं न्हाई बरं, हे बियाचं हाये. महिनाभरात सगळ्या पंचक्रोशीला ज्वारीची निवड कशी करतात ते पाठ झालं. माझ्यानं जे काम झालं न्हाई ते त्यानं केलं.

फाल्गुनाच्या शेवटी कणसं पिकली. मुठीएवढी एक एक, दाणा बारीक, पण टणक आणि पुरा भरलेला. त्या बियाचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. दुसऱ्या साली ते पेरलं, उगवलं, पाच-सहा वर्षं वाढवलं. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, साहेब हैदराबादेकडं गेले, फारमची रजिस्टरं कुठल्या कुठल्या दफ्तरात गेली. बी आजूबाजूच्या गावांत आम्ही शेर-अच्छेर वाटलं होतं. आता कुठल्या शेतात त्याचा अंश उभा असेल ते देव जाणे. सरकारी कागदात त्याला नाव मिळालं न्हाई याचं मला वाईट वाटतं.

कापणी झाली त्या सकाळी साहेब आणि मी दोघंच होतो. सटवाजी गिरजाबाईबरोबर झिऱ्यावर गेल्ता. साहेब फडक्यावर बसून दाणा सोडवत होते, एक एक, आणि डबीत टाकत होते. मला राहवलं न्हाई. दोन महिने पोटात ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं. म्हणलो, साहेब, सटवाजीला मी सांगितलंच नव्हतं. आणि त्या दिवशी आगटीवर मला धागा दिसला होता. तीन कणसं वाचत होती. मी धागा जाळला आणि गप बसलो.

साहेबांनी मान वर केली न्हाई. दाणे सोडवतच होते.

"ठावं हाये," म्हणले. "तू धागा आरात टाकला, तव्हा मी तुज्याकडंच बघून राह्यलो होतो."

मला बसायला जागा सुचेना. म्हणलो, "मंग तुम्ही का बोलला न्हाई?"

"बोललो असतो तर नाझिमसाबनं सटवाजीला तिथंच बरतर्फ केलं असतं. या वयात कुठं गेला असता तो?"

"पण तुम्ही तर खात होता, साहेब."

"पाव्हना खातो आन् मालक हात आखडतो, असं असतं का?" मंग त्यांनी डबी बंद केली, मांडीवर ठेवली आणि चष्मा काढून पुसला. "सहा साल झाली अंबादास. हे बी मी मोजलं, तोललं, कागदात बांधलं, उशाला घेऊन झोपलो. पण एक दाना कधी तोंडात टाकला न्हाई, बी कमी होईल म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला."

चष्मा परत डोळ्यांवर चढवून म्हणले, "लई गोड हाये रे."